राजीनामेवाले मामा

मामांना रडू चटकन यायचं. समोरच्यानं 'दुखतं हो' म्हणायचा अवकाश, की यांचे डोळे भरलेच. ते अश्रू खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. त्यांच्याजवळ बसून मी ते पाहिले आहेत. गालावरून ओघळून ते मिशीत जात, आणि मामा ते पुसतसुद्धा नसत. पहिल्या वर्षी ते पाहून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटे. पुढे पुढे ते पाहिले की मी दुसरीकडे पाहायला लागलो.

अमरावतीला परकोटाबाहेर कापसाच्या गाठी बांधायचा एक प्रेस होता, तिथली ही गोष्ट. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नसेल असा भाव आला होता. ज्याला त्याला कापसात शिरायचं होतं. मी खेड्यात पंतोजी होतो. पोरांना धुळाक्षरं गिरवायला लावत होतो. ती शाळा सोडून मी प्रेसमध्ये लिहिणारा म्हणून लागलो तेव्हा माझं वय तिशीचं होतं, लग्न झालेलं होतं, आणि माझ्या मोडी अक्षराचा मला फार अभिमान होता. या अक्षरामुळेच मी मामांच्या हाताखाली गेलो.

मामा प्रेसचे कारभारी. मालक मुंबईला, तो वर्षातून एकदा यायचा. मामांचं खरं नाव सखारामपंत, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कोणी मला भेटलं नाही. हमाल, गाडीवान, कापूस वाहणाऱ्या बायका, सगळ्यांचे ते मामा. ते मूळचे कुठले हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कोणी खानदेशातले म्हणे, कोणी बऱ्हाणपूरचे. माझ्याशी ते पुस्तकी बोलत आणि पाठ वळवून हमालाशी बोलायला लागले की अस्सल वऱ्हाडी. ठेंगणे, गोरे, अंगानं भरलेले. हात इतका मऊ की त्यांनी खांद्यावर ठेवला तर ओला कापूस ठेवल्यासारखा वाटे. नखं रोज कापायचे. त्यांना कोणावर ओरडताना मी कधी ऐकलं नाही. कामावर उशिरा आलेल्या माणसालाही ते जवळ बसवून विचारत, घरी सगळं ठीक आहे ना.

प्रेस म्हणजे काय ते आता लोकांना सांगावं लागतं. वाफेची यंत्रं नंतर आली. आमचा प्रेस माणसं चालवत. लाकडाची मोठी पेटी, तिच्यात कापूस टाकून पायांनी तुडवायचा, मग वरून जाडजूड लोखंडी मळसूत्र फिरवून तो दाबायचा. मळसूत्र फिरवायला आडवे दांडे होते आणि एकेका दांड्याला छातीनं रेटणारी चार-पाच माणसं. कापूस जसजसा दबे तसतसा तो उलट जोर करी. दांडे मागे फिरू नयेत म्हणून एक लोखंडी अडसर होता. तो नीट बसला तर सगळं नीट. तो सुटला तर दांडे मागे येत, आणि मग त्यांच्या वाटेत जे असेल ते मोडत असे. पाय, बरगड्या, काहीही.

असं काही झालं की मामांचं खरं काम सुरू होई.

मी लागलो त्या हिवाळ्यात लक्ष्मण नावाच्या हमालाच्या पायावर गाठ पडली. घोट्याखालचा भाग असा झाला होता की मी पाहिलं आणि भिंतीशी जाऊन ओकलो. मामा मात्र तिथंच मातीत बसले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बैलगाडीत त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. पुढे रोज सकाळी जात, कडुनिंबाच्या गरम पाण्यानं त्याची जखम स्वतःच्या हातांनी धूत, घरून केलेली लापशी त्याला भरवत. चौथ्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. बसायला जागा नव्हती, मी उभाच होतो. लापशीचा घास लक्ष्मणच्या तोंडात असताना मामांनी मला कागद काढायला सांगितला.

तो कागद मी आदल्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून लिहिला होता. तेव्हा तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणत. त्यात होतं की मी माझ्या गफलतीनं जखमी झालो, प्रेसचा यात काही दोष नाही, प्रेसवाल्यांनी माझी दयेनं शुश्रूषा केली, मी राजी आहे, पुढे माझी किंवा माझ्या वारसांची कुठल्याही कचेरीत काही तक्रार राहणार नाही. लिहिता न येणाऱ्यांनी निशाणी करायची रीत होती. कुणबी नांगर काढी, बाई बांगडी काढी. लक्ष्मणनं ओठांवरची लापशी पुसली आणि नांगर काढला. काढता काढता तो मामांना म्हणाला, "माहा बाप असता तं त्यानं येवढं केलं नसतं." मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

परत येताना गाडीत मी मामांना म्हणालो की तुम्ही देवमाणूस आहात. ते हसले. मग मला समजावायला लागले, एखादा सुतार आपल्या हाताखालच्याला रंधा कसा धरावा ते सांगतो तसे. म्हणाले, "पंतोजी, दुखणं ताजं असतं तेव्हा माणसाला पैसा नको असतो. त्याला माणूस हवं असतं. आपण माणूस द्यायचं. दुखणं शिळं झालं की मग त्याला पैसा आठवतो. तोवर आपला कागद झालेला असला पाहिजे."

  त्या दिवसापासून त्यांचं काम मला दिसायला लागलं. कोणी जखमी झालं की मामा आधी मुकादमाला विचारत, याच्या घरात कोण नाही? कोण कोण आहे हे ते विचारत नसत. लक्ष्मणला बाप नव्हता, मामा त्याचे बाप झाले. एका म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा परागंदा झाला होता, मामा दोन आठवडे त्याचे पाय चेपत होते. ज्या घरात जे कमी, ते मामा होऊन जात. आणि काम झालं की त्या घराकडे ते पुन्हा फिरकत नसत. लक्ष्मण कुबडी घेऊन एकदा प्रेसच्या फाटकाशी आला होता. मामांना भेटायचं म्हणत होता, काही मागायला आलो नाही म्हणत होता. मामांनी खिडकीतून पाहिलं आणि मला सांगितलं, "मी गावाला गेलोय म्हणून सांग."

मी तसं सांगितलं.

आणखी एक सवय सांगतो. दवाखान्यातून आले की मामा कचेरीतच जेवत. भाकरी, पिठलं, कांदा. जेवता जेवता ते जखमेबद्दल बोलत. कुठवर गेली आहे, कडा काळ्या पडल्या आहेत का, वास कसा येतो, किती दिवस लागतील. अगदी मन लावून, बारकाव्यानिशी सांगत, आणि मधूनच पिठल्यात मीठ कमी आहे म्हणत. त्यांच्या बोटांना कडुनिंबाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी वास असे. त्याच बोटांनी ते मला भाकरीचा चतकोर पुढे करत. मी घेत असे. नको म्हणायचं धैर्य नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. मग सगुणाबाईचं झालं.

सगुणाबाई माळीण. तिच्या नवऱ्याचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून ती बाजारात विकायची. तेजीच्या त्या वर्षांत भाजीपेक्षा कापूस वाहण्यात जास्त सुटे, म्हणून ती जावेबरोबर प्रेसवर यायला लागली. उंच, काळी, हाडापेरानं मजबूत बाई. बोलणं तुकडा तोडल्यासारखं. मामा एकदा तिला म्हणाले, बाई, तुझं काम पाहून डोळे निवतात. ती म्हणाली, "डोये निवू द्या, पर मजुरी येळेवर द्या."

त्या सालचा कापूस अजून आला नव्हता. पण भाव आणखी चढेल म्हणून व्यापाऱ्यांनी दाबून ठेवलेला मागच्या सालचा कापूस दसऱ्याआधीच एकदम बाहेर आला, आणि प्रेस दिवसभर चालायला लागला. अडसराला चीर गेली होती. लोहार दोनदा येऊन सांगून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी तिथंच होतो. मामा त्याला म्हणाले, एवढ्या गाठी जाऊ दे, मग प्रेस बंद करून बदलू. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी अडसर तुटला. दांडे मागे फिरले. दांड्यांवरची माणसं खाली पडली म्हणून वाचली. सगुणाबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन पेटीकडे चालली होती. तिला काही दिसलं नाही. दांड्यानं तिचा उजवा हात पेटीच्या खांबावर चेचला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं तो कोपराच्या वर कापला.

मामांनी मुकादमाला विचारलं, घरात कोण नाही. मुकादम म्हणाला, भाऊ नाही. होता तो लहानपणीच गेला.

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर होती. मामा रोज दवाखान्यात गेले. ती घरी आल्यावर रोज मळ्यात गेले. तिला ताई म्हणायला लागले. भाऊबीजेला त्यांनी मलाही नेलं. नवं लुगडं घेतलं होतं, चांगलं, हिरवं, लाल काठाचं. मळ्यातल्या झोपडीपुढे पाट मांडला, मामा त्यावर बसले. सगुणाबाईच्या जावेनं ताट तयार केलं होतं. ती म्हणाली की डाव्या हातानं ओवाळू नये, मी ओवाळते. मामा म्हणाले, "डावा असला म्हणून काय झालं, माह्या बहिणीचाच हाये ना."

सगुणाबाईनं डाव्या हातानं ताट धरलं. ते एका बाजूला कलत होतं, तेल सांडत होतं. तिनं ओवाळलं. तिच्यासारखी बाई, जी कोणाला एक शब्द जास्त देत नसे, तिचे डोळे त्या दिवशी ओले झालेले मी पाहिले. मामा तर हुंदके देत होते. मी पाठ फिरवून मेथीच्या वाफ्याकडे पाहत उभा राहिलो. मला माहीत होतं की माझ्या अंगरख्याच्या खिशात कागद आहे.

त्या दिवशी मामांनी तो मागितला नाही. दुसऱ्या दिवशी मागितला.

सगुणाबाई म्हणाली, वाचून दाखवा. आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. मी वाचून दाखवला. 'माझ्या गफलतीनं' या शब्दांशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग मामांना म्हणाली, "भाऊ म्हनता, अन् बहिणीच्या तोंडी खोटं घालता? लोहार काय सांगून गेल्ता, ते सारा प्रेस जाणते."

मामा म्हणाले की ही नुसती रीत आहे, मालकाला दाखवायला कागद लागतो, मी तुला उघड्यावर पडू देणार नाही.

ती म्हणाली, "मंग ते लिवा. उघड्यावर पडू देनार नाही, ते लिवा. मी आत्ता निशाणी करतो."

वऱ्हाडात बायकाही असं बोलतात, करतो, जातो. मामा हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही परत आलो. 

आठ दिवसांनी कळलं की सगुणाबाईनं कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला आणि गोऱ्या साहेबाच्या कचेरीत दिला. प्रेसवर जखमी झालेल्या मजुरानं मालकावर अर्ज करायचा, हे त्या वेळी कोणी ऐकलेलं नव्हतं. तसा कायदाच नव्हता. लोक हसले. तिचा नवराही तिच्यावर रागावला होता असं म्हणत. अर्जात दोनच गोष्टी होत्या. अडसर मोडका आहे हे प्रेसवाल्यांना माहीत होतं. आणि हात प्रेसनं घेतला, तर पोट प्रेसनं भरावं.

मामा रागावले नाहीत. मी त्यांना रागावलेलं पाहिलेलंच नाही. त्यांनी दुपारी मला जवळ बोलावलं, तो जुना कागद पुढे ठेवला, आणि म्हणाले, "बांगडी काढ."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एक गोल काढायचा आहे, पंतोजी. तू तर पोरांना शिकवलंस."

मी बोरू शाईत बुडवला आणि गोल काढला. एका झटक्यात, हात न उचलता. माझं अक्षर चांगलं होतं, तसा तो गोलही चांगला आला. मामांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्यानं मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी हे लिहिताना या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त किळस येते.

पुकारा झाला त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. सगुणाबाई आली ती एकटीच. अंगावर ते हिरवं लुगडं होतं. साहेबापुढे जायचं म्हणून घरात असलेलं सगळ्यात चांगलं तिनं नेसलं होतं, एवढंच. पण मामांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

साहेब तरुण होता, हिंदुस्थानी मोडकंतोडकं बोले. सिरस्तेदारानं, म्हणजे साहेबाच्या मुख्य कारकुनानं, अर्ज वाचला. मामांना विचारलं. मामा हात जोडून उभे राहिले आणि सांगायला लागले, आणि सांगता सांगता रडायला लागले. ही माझी मानलेली बहीण. हिची जखम मी या हातांनी धुतली. भाऊबीजेला हिनं मला ओवाळलं. अंगावर लुगडं आहे ते माझं आहे, हवं तर विचारा. हिनं राजीखुशीनं कागद करून दिला. आता कोणीतरी हिला भरीला घातलं, त्याचं मला दुःख आहे, हिच्यावर माझा राग नाही.

कागद पुढे गेला. सिरस्तेदारानं वाचला, आणि खाली निशाणी बांगडी म्हणून सांगितलं.

सगुणाबाईनं तो पाहायला मागितला. तिला वाचता येत नव्हतं, पण गोल दिसत होता. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, हे मी काढलं नाही. मले बोरू द्या.

साहेबानं मान हलवली. सिरस्तेदारानं तिला बोरू आणि एक कोरा कागद दिला. कागद धरायला दुसरा हात नव्हता, तो सरकत होता. तिनं कोपऱ्यावर दौत ठेवली. डाव्या मुठीत बोरू धरून तिनं गोल काढायला सुरुवात केली. रेघ वाकडी गेली, थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि दोन टोकं जुळलीच नाहीत. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मागे सरली. 

साहेब पुढे वाकून पाहायला लागला.  खरं सांगतो, माझ्या मनात कुठेतरी बरं वाटत होतं, की आता हे संपेल.

मामांनी डोळे पुसले. म्हणाले, "सरकार, तिला जमत नव्हतं. तिच्याच सांगण्यावरून आमच्या लिहिणाऱ्यानं तिचा हात धरून निशाणी काढली. तो इथंच आहे."

साहेबानं मला पुढे बोलावलं. गोल तू काढलास का, विचारलं. मी हो म्हणालो. बाईच्या सांगण्यावरून?

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मला डोळा घातला नाही, खूण केली नाही, धमकी तर नाहीच. ते फक्त माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून येत होते. या वेळी माझ्यासाठी.

मी म्हणालो, हो.

साहेबानं सांगितलं की असा दावा ऐकायला कायदा नाही. शिवाय बाईनं राजीनामा दिला आहे, लुगडं घेतलं आहे. मालकाच्या माणसानं भावासारखं पाहिलं, त्याचे उपकार मानावेत. अर्ज निकाली काढला.

बाहेर पायऱ्यांवर मामा तिच्याजवळ गेले. त्यांचं रडणं अजून थांबलं नव्हतं. सगुणाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भाजीत किडा निघाल्यावर बाई जशी पाहते तशी ती पाहत होती.

"तुमी काहून रडून राहिले?" ती म्हणाली. "हरली तं मी."

मामा म्हणाले, "तुह्यासाठीच, ताई."

ती दोन पायऱ्या उतरली. माझ्यापाशी थांबली. "पंतोजी," ती म्हणाली, "गोल चांगला काढता तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसच्या फाटकाशी ते लुगडं ठेवलेलं होतं. धुतलेलं, घडी केलेलं. एका हातानं लुगड्याची घडी कशी करतात ते मला माहीत नाही. मामांनी ते कपाटात ठेवायला सांगितलं. संक्रांतीच्या सुमारास एका हमालाच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा ते त्याच्या बायकोला गेलं.

त्या दिवशी मी नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी सोडली नाही. प्रेस चालू होता तोवर मी राजीनामे लिहीत राहिलो. अडसर मात्र नवा बसवला, दुसऱ्याच दिवशी. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

सगुणाबाई पुन्हा बाजारात बसायला लागली. तीन काठ्यांची तिवई करून तिच्यावर तिनं तराजू टांगला होता, म्हणजे डाव्या हातानं वजन टाकून त्याच हातानं भाजी टाकता येई. मेथीच्या जुड्या जाऊ बांधून देई. एका हातानं विहिरीचं पाणी ओढता येत नाही, म्हणून मळ्याचं बरंचसं काम तिच्याकडून सुटलं होतं. बायको बरोबर असली की मला तिच्याकडून भाजी घ्यावी लागे. सगळ्यांची भाजी ती त्यांच्या हातात किंवा पदरात देई. माझी जमिनीवर ठेवी. बायकोला वाटे, तिचा हात थकला असेल.

मग अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव असा कोसळला की मुंबईचा आमचा मालक आठ दिवसांत बुडाला. प्रेसच्या फाटकाला कुलूप लागलं. मामा एका सकाळी दिसले नाहीत. खोली मोकळी होती. मी रिकामा झालो. पुन्हा शाळा धरावी म्हटलं तर माझ्या गावात दुसरा पंतोजी बसला होता. वर्षभर कुठे कुठे लिहिण्याची कामं केली आणि शेवटी बायकोला घेऊन अकोल्याला सासऱ्यांकडे गेलो.

अकोल्याला तेव्हा आगगाडीचा रस्ता येत होता. मोर्णेच्या पलीकडे भराव घालायचं, दगड फोडायचं काम चालू होतं आणि नदीकाठी मजुरांच्या झोपड्यांचं दुसरं गावच वसलं होतं. जुन्या शहरात, नदीच्या अलीकडच्या काठाला लागून असलेल्या बाजारात, एका सकाळी माझ्या खांद्यावर मागून हात पडला. मी वळायच्या आधी ओळखलं.

मामा अंगानं आणखी भरले होते. अंगरखा नवा, पागोटं नवं. त्यांनी मला मिठी मारली. बायको कशी आहे, पोरंबाळं झाली का, सासरे काय करतात, सगळं विचारलं. रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे ते कारभारी झाले होते. सुरुंगाचं काम आहे, ते म्हणाले, रोज काही ना काही होतं. मग जरा जवळ सरकून म्हणाले की लिहिणारे मिळतात, पण तुझ्यासारखं अक्षर नाही. येतोस का?

 काय सुचलं कोणास ठाऊक, मी त्यांना विचारलं, सगुणाबाईची कधी आठवण होते का.

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते.

"सगुणा," ते म्हणाले. "पायाची ना ती?"

"हाताची," मी म्हणालो.

"हां, हाताची," ते म्हणाले. "बिचारी." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे डोळे भरून आले.

माझ्या घरात त्या दिवशी चूल सासऱ्यांच्या पिठावर चालत होती. मी मामांना नाही म्हणालो. पण ते म्हणायला मला किती वेळ लागला हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मामा तेवढा वेळ माझा हात हातात धरून शांतपणे उभे होते. त्यांना घाई नव्हती. मी नाही म्हटल्यावरही त्यांनी माझी पाठ थोपटली, जोडे काढून हातात घेतले, धोतर वर खोचलं आणि मोर्णेच्या उथळ पाण्यातून, दगड चाचपत, झोपड्यांच्या दिशेनं निघून गेले. पलीकडच्या काठावर त्यांना पाहून दोघं-तिघं उठून उभी राहिली आणि त्यांना वर घ्यायला म्हणून त्यांनी हात पुढे केले.